दोनशे बारा कागद

मुलींचं वसतिगृह, विद्यापीठ
२७ जून २०२२

मामा,

पाया पडते. परवा फोनवर मी तुला सांगत होते की मुलाखत झाली, पण मार्गदर्शक मिळेल असं दिसत नाही. तू म्हणालास, "बरं झालं, देव पावला." मी पुन्हा ओरडून सांगितलं, तर शेजारच्या खोलीतल्या मुली बाहेर आल्या. तेव्हाच ठरवलं, महत्त्वाचं असेल ते आता लिहूनच कळवायचं.

तर देव खरंच पावला. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. डॉ. निमकर म्हणून विभागप्रमुख आहेत, त्यांच्याकडे एकच जागा रिकामी होती आणि आज सकाळी त्यांनी पुन्हा बोलावलेले आम्ही अकरा जण होतो. बाकीच्यांचे विषय बचत गट, शाळा सोडलेली मुलं असे होते. मी म्हटलं, भिवंडीत मागावर काम करणाऱ्यांच्या कानांचं काय होतं, ते मला शोधायचंय. सर खुर्चीत पुढे सरकले. "तुम्हाला आत शिरू देतील?" मी म्हटलं, "माझा मामा कामतघरला एकतीस वर्षं जॉबर आहे. माग बिघडला की शेठ आधी त्याला हाक मारतो." सरांनी तिथेच कागदावर टिक केली. तुझ्या नावावर जागा मिळाली म्हण.

पडघ्याच्या कॉलेजात पाच वर्षं तासिकांवर शिकवलं. दर जूनला फोनची वाट बघायची, या वर्षी बोलावतात की नाही. ते संपलं. सर म्हणाले, दोन-तीन वर्षांत विभागात सहायक प्राध्यापकाची एक जागा निघेल, आणि जो विभागात असतो त्याला सगळे ओळखत असतात. याहून जास्त ते बोलले नाहीत, पण मला कळलं.

आता तुझं काम. मला दोनशे कामगार हवेत, बाया-पुरुष, तरुण, म्हातारे. कानाला यंत्र लावून तपासायचं. तपासणारा माणूस विद्यापीठ देईल. फक्त शांत जागा पाहिजे. कामतघरला शांत जागा कुठे आणि कधी सापडेल, ते तूच सांग.

तुझ्या ऐकण्याचंही जरा बघ. फोन खराब आहे म्हणतोस. तीन फोन बदलून झाले, मामा.

तुझी
रूपा


कामतघर
१० जुलै २०२२

बाय रूपा,

आशीर्वाद. पत्र वाचलं, मग बायजेला वाचून दाखवायला दिघाशीला जाऊन आलो. तुझी आई डोळे पुसत बसली. मी बोललो, रडते कशाला, पोरगी आता पुस्तक लिहिणार हाय. ती बोलली, तिचा बाप असता तर.

फोन खरंच खराब हाय.

शांत जागा शुक्रवारी. शुक्रवारी माग बंद असतात तवा कामतघरला कावळा ओरडला तरी ऐकायला येतो. म्हणजे लोक तसं बोलतात. शाळेच्या हेडमास्तरांना भेटलो, एक खोली देतो बोलले.

माणसं मी देतो. पण रूपा, ही माणसं कशी हाय ते तुला माहीत हाय. आठवड्याची एक सुट्टी, त्यात कपडे धुवायचे, झोपायचं. तुझ्यासाठी येतील ती माझ्या शब्दावर येतील. आमच्याकडचा मुस्तकीम, आझमगडचा, आठ माग चालवतो, वय चौतीस. तो बोलला, "रघूभाई, टेस्ट करा लेंगे. लेकिन कागज हमारे हाथ में मिलेगा न?" मी बोललो, मिलेगा. हा एकच प्रश्न सगळ्यांनी विचारला. कोणाला गावी डॉक्टरला दाखवायचाय, कोणाला शेठला दाखवून दुसऱ्या कामावर जायचंय. सुताची कांडी भरणारी सीताबाई येणार हाय. ती बोलते माझे कान चांगले हाय, लोकच हल्ली हळू बोलायला लागले.

तर ज्याची तपासणी त्याच्या नावाचा कागद त्याच्या हातात. एवढं सांभाळ. बाकी मी बघतो. शेठला मी सांगितलंय की भाचीची कॉलेजची परीक्षा हाय, तिला माणसं लागतात.

जेवत जा. तिकडं भाकरी मिळत नसेल तर चपाती खा, पण जेव.

रघूमामा


विद्यापीठ
१२ डिसेंबर २०२२

मामा,

पाया पडते. चार शुक्रवार आणि दोनशे बारा माणसं. सरांना खरं वाटेना. विभागात एवढी मोठी पाहणी आजवर कोणी केली नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी मान खाली घालून उभी होते आणि मला तू दिसत होतास, शाळेच्या दारात हातात यादी घेऊन, एकेकाला खांद्याला धरून आत पाठवणारा.

तुला समजेल असं लिहिते. प्रत्येकाच्या कानाचा आलेख निघतो. वयानं कान जातात तेव्हा रेघ उतरत जाते, उतरतच जाते. आवाजानं जातात तेव्हा एका ठिकाणी खड्डा पडतो आणि पुढे रेघ पुन्हा थोडी वर येते. तो खड्डा पाहिला की डॉक्टर विचारतो, कुठे काम करता. दोनशे बारांतल्या एकशे एकोणसाठ जणांच्या आलेखात खड्डा आहे. मुस्तकीमच्या आहे. तुमच्याकडच्या सावळारामच्या दोन्ही कानांत आहे. सीताबाईचा तर बघवत नाही.

संशोधनात नावं लिहीत नाहीत, प्रत्येकाला क्रमांक देतात. कोणता क्रमांक कोणाचा, याची वही माझ्याकडे कुलपात आहे. तुझा सतरा.

मामा, तपासणाऱ्या भोसलेंनी मला नंतर सांगितलं. तू म्हणे आवाज ऐकून नाही, त्यांच्या हाताकडे बघून बटण दाबत होतास. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तुझी खुर्ची भिंतीकडे फिरवली, आणि मग तू बराच वेळ बटण दाबलंच नाहीस. मी सतरा नंबरचा आलेख बघितला. मला तिथे बसवेना. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

तू मागाचा बिघाड कसा ओळखतोस? आजवर सगळे म्हणायचे, रघू आवाजावरून सांगतो.

कागद सगळ्यांना मिळतील. सरांची सही झाली की पाठवते.

रूपा


कामतघर
१ जानेवारी २०२३

बाय रूपा,

आता तुला कळलंच हाय तर लपवून काय. नऊ-दहा वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज गेले. मामीच्या शेवटच्या आजारात ती काय बोलत होती ते मला कळत नव्हतं, मी नुसती मान हलवायचो. ते राहू दे.

मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचा. चांगला माग एका चालीनं हलतो. बिघडला की मध्येच हाताला ठेच लागते. धोटा आदळतो का, पट्टा सैल हाय का, हाताला समजतं. पण शेठच्या समोर मी आधी कान लावल्यासारखं करतो आणि मग हात ठेवतो. जॉबरला ऐकायला येत न्हाय हे कळलं तर कोण ठेवेल. म्हणून सतरा नंबर तुझ्याजवळच राहू दे. माझा कागद नको पाठवू.

बाकीच्यांचे पाठव. मुस्तकीम रमझानला गावी जायचाय, तो कागद घेऊन जाईन बोलतोय. सावळारामला परवा मागून हातगाडी आली ती ऐकायला आली न्हाय, पायावरून गेली. नख गेलं. तो बोलला, कागद असता तर दाखवून बसायचं काम मागितलं असतं.

तुझ्यावर कोणाचा राग न्हाय. नुसतं विचारतात. दर शुक्रवारी विचारतात.

रघूमामा


विद्यापीठ
९ फेब्रुवारी २०२४

मामा,

पाया पडते. तुझी तीन पत्रं माझ्या टेबलावर आहेत. उत्तर लिहायला बसले की कोणीतरी बोलावतं. सहामाही अहवाल, दोन परिषदा, सरांचे तास मीच घेते. रागावू नकोस.

कागदांचं सांगते. मधल्या काळात प्रकल्पाला मदत करायला मालक मंडळींची एक संघटना पुढे आली. आधी मलाही नको वाटलं. पण सरांनी समजावलं की नुसता कागद हातात देऊन काय उपयोग, संघटना त्या लोकांना चांगल्या डॉक्टरकडे पाठवेल, कानाची यंत्रं देईल. त्यासाठी कोणाला काय झालंय, हे त्यांना कळायला हवं. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी क्रमांकांची वही सरांकडे दिली. उशीर झाला तरी चांगलंच होईल, असं मला वाटतं. तू लोकांना सांग, थोडं थांबा.

आणि एक, अजून कोणाला सांगू नकोस. जागेची जाहिरात या वर्षात निघेल. एकच जागा. सर म्हणाले, "प्रबंध वेळेत सादर झाला पाहिजे आणि तो वादाचा असता कामा नये." तोपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नसणार.

तुझं कसं चाललंय? आईच्या गुडघ्याचं काय झालं?

रूपा


दिघाशी
३ मार्च २०२४

बाय रूपा,

पत्र कामतघरला गेलं होतं, सावळारामनं इकडं आणून दिलं. मी थोडे दिवस गावाला आलोय. शेठ बोलला, रघू, खूप वर्षं काम केलं, आता जरा आराम कर. मी बोललो बरं. खोली अजून सोडली न्हाय.

बायजेचा गुडघा तसाच हाय. सकाळी शेकायला पाणी तापवून देतो. इकडं पडघ्याच्या बाजूला एवढी गोडावनं झाली हाय की दिवसभर ट्रक. बायजा बोलते आवाजानं डोकं उठतं. मला बरं हाय, मी दुपारी मस्त झोपतो.

वहीचं वाचलं. तू शिकलेली हायस, तुला जास्त कळतं. लोकांना मी सांगितलं, रूपाची नोकरी लागू दे, मग ती कोणाला घाबरणार न्हाय, मग कागद काय, सगळंच मिळेल. मुस्तकीमनं मान हलवली.

तू आमचा विचार करू नको. प्रबंध पूर्ण कर. एकच जागा हाय, आणि आपल्या माणसाला अशी जागा पुन्हा कोण देणार.

रघूमामा


विद्यापीठ
१८ जुलै २०२५

मामा,

नेमणुकीचं पत्र हातात आलं. सहायक प्राध्यापक, पूर्णवेळ. काल रुजू झाले. आईला फोन केला, ती हुंदके देत होती. तू शेजारी होतास असं म्हणाली.

तोंडी परीक्षाही मागच्या महिन्यात झाली, आता नावाआधी डॉक्टर लागतं. मुलाखतीला सव्वीस जण होते. त्यातले सहा माझ्यासारखेच तासिकांवरचे, पण आठ-आठ वर्षं काढलेले. एकाचे केस पूर्ण पांढरे होते. बाहेर आल्यावर त्यानं माझं अभिनंदन केलं, निकाल लागायच्या आधीच. मी विचारलं नाही, तुम्हाला कसं माहीत.

प्रबंधातले निष्कर्ष साध्या भाषेत करून एक पुस्तिका छापली आहे, मराठीत आणि हिंदीत. भिवंडीत वाटतील. सोपं करताना सगळं येत नाही, काही गोष्टी गाळाव्या लागतात. तुझ्या हातात पडली तर फार मनावर घेऊ नकोस.

सुट्टी मिळाली की येते.

रूपा


दिघाशी
२४ ऑगस्ट २०२५

रूपा,

पुस्तिका मिळाली. शुक्रवारी कामतघरला हॉलमध्ये कार्यक्रम होता, हार-तुरे झाले, मग प्रत्येकाला एक पुस्तिका आणि वडापाव दिला. तुझे सर आले होते. तू आली नव्हतीस. सर बोलले तिला तास होता.

मला वाचायला वेळ लागतो, पण मी सगळी वाचली, दोनदा. बारा पानं हाय. नवव्या पानावर लिहिलंय की यंत्रमाग कामगारांमध्ये ऐकू कमी येण्याची मुख्य कारणं वाढतं वय, तंबाखू आणि मोबाईलचे इअरफोन ही हाय. मागाच्या आवाजाचा ठळक परिणाम आढळला न्हाय. खाली सरांचं नाव, त्याखाली तुझं.

मुस्तकीम आता सदतीस वर्षांचा हाय. तंबाखू खात न्हाय. त्याच्याकडं बटणाचा फोन हाय. सीताबाईनं इअरफोन हातात धरून बघितला न्हाय. खड्डा कुठं गेला, रूपा? तूच मला लिहिलं होतंस, एकशे एकोणसाठ जणांना खड्डा. ते पत्र माझ्याजवळ हाय, काढून पुन्हा बघितलं, माझीच चूक होत असेल म्हणून.

आता दुसरं. मी आराम करायला गावाला आलो असं तुला लिहिलं होतं, ते खोटं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत शेठनं मला आत बोलावलं. त्याच्या हातात छापलेली यादी होती. बोट ठेवून बोलला, "सतरा नंबर. रघू, तुला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि तू माझे अठ्ठेचाळीस माग सांभाळतो?" मी काय बोलणार. एकतीसची तेहतीस वर्षं झाली होती. संध्याकाळी पाना आणि पक्कड घेऊन बाहेर आलो. सावळाराम, सीताबाई आणि आणखी चौदा जणांना तसंच काढलं, दुसऱ्या शेठांनी पण. डॉक्टरकडं कोणाला पाठवलं न्हाय. तेव्हा तुझा प्रबंध चालू होता म्हणून लिहिलं न्हाय. मला वाटलं, तुला माहीत नसणार, कळलं तर तू सगळं टाकून भांडायला जाशील.

मला एकच सांग. नववं पान तू लिहिलंस, की त्यांनी लिहून तुझं नाव घातलं? त्यांनी घातलं असेल तर मी उद्या सगळ्यांना तसं सांगतो.

रघू


विद्यापीठ
१४ सप्टेंबर २०२५

मामा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. सहा वेळा लिहायला बसले आणि फाडलं.

नववं पान मी लिहिलं.

वही देताना मला खरंच वाटलं होतं की उपचार होतील. तुला काढल्याचं मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण तुझ्या त्या पत्रात "शेठ बोलला आराम कर" हे वाक्य मी पुन्हा मागे जाऊन वाचलं होतं. शेठ कधी कोणाला आराम कर म्हणतो? मी ते पत्र घडी घालून ठेवलं आणि विचारलं नाही. विचारलं असतं तर मला कळलं असतं. म्हणून विचारलं नाही.

प्रबंधाचं पाचवं प्रकरण मी लिहून दिलं होतं, खड्ड्यासकट. सरांनी ते तीन आठवडे ठेवून घेतलं आणि मग केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं नाही, आवाज चढवला नाही. चहा मागवला.

म्हणाले, "आकडे चुकीचे नाहीत, मांडणी भावनिक आहे. तुझा मामा तिथे आहे, त्यामुळे तुझी नजर स्वच्छ नाही."

मी म्हटलं, "सर, आलेखात दिसतंय."

"आवाजाच्या सगळ्या पट्ट्यांची सरासरी काढ. शास्त्रात सरासरी मान्य आहे."

"सरासरी काढली की खड्डा बुजतो, सर."

"मग तो फार खोल नसेल." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "जाहिरात पुढच्या महिन्यात आहे, रूपा. मला तुझ्यासाठी भांडायचंय. संघटनेनं उद्या आक्षेप घेतला, प्रबंध अडकला, तर मी कोणाचं नाव घेऊन भांडू?"

एवढंच झालं. कोणी धमकी दिली नाही. मी खोलीवर आले आणि सरासरी काढली. दोन दिवस लागले. सगळे आकडे खरे आहेत, मामा, एकही खोटा नाही, आणि पान खोटं आहे.

मी तेहतीस वर्षांची आहे. पडघ्याला परत जाऊन जूनमध्ये फोनची वाट बघत बसणं मला जमलं नसतं. तूच लिहिलं होतंस, एकच जागा आहे, आमचा विचार करू नको. मी तुझं ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की मला वाटायला लागलं, तू परवानगी दिली आहेस.

मूळ आलेख नष्ट झालेले नाहीत. दोनशे बाराच्या दोनशे बारा विभागाच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटात, तिसऱ्या खणात आहेत, निळ्या फायलींमध्ये. चावी सरांच्या आणि माझ्याकडे. मी ते काढून तुला द्यावेत असं तुला वाटत असेल. माझा परिवीक्षेचा काळ दोन वर्षांचा आहे. तो संपू दे. मग मी सगळ्यांचे कागद स्वतः आणून देईन. मी शब्द देते.

तुझ्यासाठी कानाचं यंत्र बघितलं आहे, चांगल्या कंपनीचं. माप घ्यायला तुला इकडे यावं लागेल. ये ना.

रूपा


दिघाशी
१० ऑक्टोबर २०२५

रूपा,

तू खरं लिहिलंस, ते बरं केलं.

मी परवानगी दिली होती ती अभ्यासाला. तू कशाला वापरलीस ते तुझं तुला माहीत.

शुक्रवारी सगळे सीताबाईच्या ओट्यावर जमले होते. मी सांगितलं, नववं पान माझ्या भाचीनं लिहिलंय, कोणी जबरदस्ती केली न्हाय. पाच मिनिटं कोणी काय बोललं न्हाय. म्हणजे बोललं असेल तर मला कळलं न्हाय. तोंडं हलत नव्हती.

दोन वर्षं थांबायला सावळारामकडं वेळ न्हाय. पडघ्याला भाऊ म्हणून एक जण हाय, अर्ज लिहून देतो. तो बोलला, स्वतःचा कागद स्वतः मागायचा हक्क हाय, माहितीच्या अधिकारात. मी अर्ज टाकतोय. माझा, सतरा नंबरचा. तो मिळाला की बाकीचे टाकतील.

विद्यापीठातून मला माझा कागद येईल. तू काय करायचं न्हाय. फक्त आडवी येऊ नको.

यंत्र नको.

रघू


विद्यापीठ, समाजकार्य विभाग
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. रघुनाथ काळूराम बांगर
मु. दिघाशी, ता. भिवंडी, जि. ठाणे

विषय : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये आपला दि. १३ ऑक्टोबर २०२५ रोजीचा अर्ज

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर संशोधन प्रकल्पात सहभागी व्यक्तींच्या नावांची नोंद ठेवण्यात आलेली नव्हती. त्यामुळे आपण सदर प्रकल्पात सहभागी होता किंवा कसे, याबाबत विभागास सांगता येत नाही.

तसेच आपण मागणी केलेला श्रवण-चाचणीचा वैयक्तिक आलेख विभागाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. प्रकल्पाचे निष्कर्ष पुस्तिकेच्या स्वरूपात प्रसिद्ध करण्यात आले असून त्यांचे अवलोकन करावे.

या उत्तराने आपले समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आत प्रथम अपिलीय अधिकारी यांच्याकडे अपील करता येईल.

आपली विश्वासू,
(सही)
डॉ. रूपा विठू शेलार
सहायक प्राध्यापक तथा जनमाहिती अधिकारी


दिघाशी
५ डिसेंबर २०२५

रूपा,

पत्र मिळालं. आपण, महोदय, सगळं वाचलं. भाऊ बोलला, हे काम नव्या माणसाच्या गळ्यात घालतात, जुने कोणी सही करत न्हाय. असेल तसं. तुझी सही मी ओळखतो, पहिलीत पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतली होती.

शुक्रवारी ते पत्र भाऊनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मुस्तकीमनं विचारलं, "दस्तखत किसका है?" मी सांगितलं. तो बोलला, "आपकी वही भांजी?" मी मान हलवली. त्यानं पाणी आणून दिलं मला. त्याचं काम अजून चालू हाय, तरी तो अर्ज टाकणार हाय. काढलं तर काढू दे, बोलला.

आता अपील करायचं हाय. अपिलात आम्हाला दाखवायला लागतं की कागद तिथं हायत आणि विभाग खोटं बोलतो. भाऊनं विचारलं, पुरावा काय हाय. पुरावा माझ्या ट्रंकेत हाय. तुझं सप्टेंबरचं पत्र. कोणतं कपाट, कितवा खण, कुठल्या रंगाच्या फायली, चावी कोणाकडं. सगळं तुझ्या हातचं. आणि वही होती हे पण.

मी दोन शुक्रवार काय बोललो न्हाय. भाऊला सांगितलं, पुरावा न्हाय. तिसऱ्या शुक्रवारी सीताबाई तिच्या सुनेला घेऊन आली. सुनेच्या हातात पोर होतं. पोर रडत होतं आणि सीताबाई त्याच्याकडं पाठ करून बसली होती, तिला माहीतच नव्हतं. सून तिच्या खांद्याला हात लावून सांगायची तवा ती वळायची. मी घरी आलो, ट्रंक उघडली.

काल पडघ्याला जाऊन झेरॉक्स काढल्या. अपील गेलं. त्याला तुझं ते पत्र जोडलंय, डिसेंबरचं खड्ड्याचं पत्र पण जोडलंय. मूळ पत्रं माझ्याजवळ हाय. मागितलीस तरी देणार न्हाय.

याचं काय होईल ते मला कळतं. तुझी दोन वर्षं पूर्ण व्हायची हाय. सर हात वर करतील, सही तुझी हाय, पान तुझं हाय. तुला आधी कळवतोय, कारण वहीचं तू मला देऊन झाल्यावर सांगितलंस.

सुनावणीची तारीख आली की मला बोलावतील, तुला पण. समोरासमोर बसायला लागेल. तिथं काय विचारलं ते मला ऐकायला येणार न्हाय, भाऊ लिहून दाखवेल. तू काय सांगायचं ते तू ठरव.

बायजेला मी अजून काय बोललो न्हाय. ती विहिरीवर, दुकानात, सगळीकडं तुझं सांगत फिरते. ती मला विचारते, रूपाचं पत्र आलं काय, काय लिहिते. मी बोलतो, बरी हाय. ह्यापुढं मला तसं बोलता येणार न्हाय. सुनावणीच्या आधी एकदा येऊन जा आणि तिला तूच सांग. तू येशील त्या दिवशी मी दुपारी पडघ्याला जाईन, घरी थांबणार न्हाय.

रघू